आधी स्क्रीन वाचतो, मग स्क्रू काढतो: देवगड बाजारातलं मोबाईल दुरुस्तीचं दुकान

दुकान एवढंसं, की आत दोन गिऱ्हाइकं असली तर तिसऱ्याला पायरीवर थांबावं लागतं. तरीही मोबाईलच्या स्क्रीनवर अचानक भलतंच काही दिसायला लागलं, तर मी आधी इथेच जा म्हणेन.

बाबांच्या फोनवर अगदी वर आकड्यांची एक पट्टी आली होती. पी, एक्स, वाय अशी इंग्रजी अक्षरं आणि पुढे भराभर बदलणारे आकडे. बोट टेकवलं की तिथून स्क्रीनभर एक आडवी आणि एक उभी रेघ, बोट सरकवलं की मागे रेघोट्या. त्यात बँकेचं अॅपही उघडेना. ऐन मे महिना, आंब्याच्या पेट्या वाशीच्या बाजाराला चाललेल्या, दर आणि पैसे दोन्ही फोनवर येणार; बाबा पार हवालदिल झाले. दुसऱ्या एका दुकानात फोन हातात घेताच सांगितलं, "डिस्प्ले गेला, साडेतीन हजार."

इथल्या मुलाने काय केलं? स्क्रीनशॉट काढला आणि स्वतःच्या फोनवर पाठवून बघितला. पट्टी आणि रेघा जशाच्या तशा तिथेही होत्या. "काकानू, ह्या डिस्प्लेचा दुखणा न्हय, सेटिंगचा आसा." डिस्प्लेच खराब असेल तर त्याच्या रेघा स्क्रीनशॉटमध्ये उमटत नाहीत, कारण स्क्रीनशॉट म्हणजे फोनने आत तयार केलेलं चित्र. ही परीक्षा घरबसल्या कुणालाही करता येते, आणि ती त्याने आपणहून शिकवली याचं मला फार मोल वाटतं.

मग सेटिंग्ज, सिस्टीम, डेव्हलपर ऑप्शन्स, आणि त्यात 'पॉइंटर लोकेशन' चालू. ते बंद करताच स्क्रीन स्वच्छ. टचस्क्रीन तपासणाऱ्यांसाठी असलेली ही सोय. 'बिल्ड नंबर'वर 7 वेळा टॅप केलं की हा छुपा मेनू उघडतो. सुट्टीत आलेल्या भाच्याने गेमचा कुठलासा व्हिडिओ बघून तेच केलं होतं. त्या मुलाने अख्खे डेव्हलपर ऑप्शन्सच बंद केले आणि बँकेचं अॅपही चालू झालं. हा मेनू चालू असला की काही बँकांची अॅप उघडत नाहीत, हे मला तिथेच कळलं. पिन टाकायची वेळ आली तेव्हा त्याने फोन बाबांच्या हातात दिला आणि मान वळवली.

आमच्यामागे एक मासळीवाल्या मावशी होत्या. त्यांच्या फोनवर हिरवी चौकट फिरत होती आणि प्रत्येक बटण मोठ्याने बोलत होतं. तो टॉकबॅक, दृष्टिहीनांसाठीची सोय. आवाजाची दोन्ही बटणं काही सेकंद एकत्र दाबून धरली आणि ते थांबलं. मावशींकडून ते दोनदा करवून घेतलं, मगच फोन परत दिला. दोघांकडूनही पैसे घेतले नाहीत.

खरोखरच डिस्प्ले बदलायचा असेल तर मात्र इथे वेळ लागतो. माल बाहेरून मागवतात, आणि पावसात वीज गेली की काम अडतं. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत, तेवढी मागून घ्या.