विजेवरून इंजिनावर जाताना बसणारा हिसका
ही हायब्रिड गाडी इंधन वाचवते, याबद्दल तक्रार नाही; मात्र रांगत्या रहदारीत ती विजेवर चालत असताना ॲक्सिलरेटर किंचित अधिक दाबला, की इंजिन सुरू होऊन क्लच जुळेपर्यंत क्षणभर ओढ थांबते आणि मग हिसका बसतो. इंजिन थंड असताना हे अधिक जाणवते. टोयोटाने १९९७ मध्ये प्रियसमधून आणलेल्या रचनेत मोटर आणि इंजिन ग्रहीय गिअरने (मधल्या दातेरी चाकाभोवती लहान चाके फिरतात अशा जोडणीने) कायम जोडलेले असल्यामुळे तेथे हा बदल बहुधा आवाजावरूनच कळतो. येथे ब्रेक लावतानाही, आधी वेग कमी करणाऱ्या मोटरकडून ते काम नेहमीच्या घर्षणाच्या ब्रेककडे जाते तेव्हा, गाडी थांबण्याच्या बेतात असताना पायाखाली खटकते. महामार्गावर यातले काहीच नाही. म्हणून खरेदीपूर्वी ती गर्दीतच, वेग मुद्दाम कमी-जास्त करत चालवून पाहावी. विक्रेता मोकळ्या रस्त्याचा आग्रह धरेल.