लॅमिंग्टन रोडचा असेंबल्ड की ब्रँडेड मिनी? दोन्ही वापरून झाल्यावर

आधीच सांगते, गेमिंगचे एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम पडतात ते) वगैरे बघायला कुणी आलं असेल तर इथे काही मिळणार नाही. आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेत दोन कॉम्प्युटर आहेत आणि दोन्ही पोटापाण्याचे. माझं घरून डीटीपीचं काम असतं, लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांच्या पावत्या, गेल्या दोनेक वर्षांत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या व्हिडिओ पत्रिका पण. नवरा दुकानदारांचं टॅली आणि जीएसटी रिटर्न बघतो.

माझा टॉवर, म्हणजे मोठ्या डब्याचा असेंबल्ड कॉम्प्युटर, दिराने २०२२ मध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारातून एकेक पार्ट आणून जोडला. रायझन ५ ५६००जी, बी४५० बोर्ड, ८-८ च्या दोन रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, ४५० वॅटचा एसएमपीएस (आतल्या पार्टना वीज पुरवणारा डबा), मॉनिटर सोडून ३८ हजारांच्या आसपास. नवऱ्याचा मिनी एका मोठ्या ब्रँडचा, ते एक लिटरचे डबे येतात ना, लेनोवोचा टायनी, डेलचा मायक्रो, एचपीचा मिनी, त्यातला एक. नाव सांगत नाही कारण पुढे थोडी तक्रार आहे. आय५-१०५००टी, १६ जीबी, ५१२ चा एसएसडी, रिफर्बिश्ड (म्हणजे वापरलेला, तपासून परत विकलेला), १८ हजार. उन्हाळा, पावसाळा, गणपतीचा सीझन सगळं दोन्हीवर काढून झालंय म्हणून आता लिहितेय.

कागदावर दोन्ही सारखेच वाटतात, दोन्हीला ६ कोर, १२ थ्रेड. पण मिनीतला तो शेवटचा टी म्हणजे ३५ वॅटचा प्रोसेसर, बेस क्लॉक २.३ गिगाहर्ट्झ, आणि माझा ६५ वॅटचा, बेस ३.९. टॅली, एक्सेल, जीएसटी पोर्टल, वीस टॅब उघडलेला क्रोम, यात खरं सांगायचं तर काहीच फरक कळत नाही, उलट पोर्टलच इतकं अडतं की कॉम्प्युटर कुठलाही असो, वाट बघायचीच. फरक कळतो तो मी कधी त्याच्या मशीनवर बसले की. कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) साध्या पत्रिकेला काही नाही, पण २० बाय १० फुटांचा फ्लेक्स, त्यात नेत्यांचे आठ फोटो, ट्रान्सपरन्सी, शॅडो, आणि मग एक्स्पोर्ट मारलं की मिनी आधी जोरात पळतो आणि थोड्याच वेळात गरम होऊन धापा टाकत सावकाश होतो. आणि तो पंखा! छोटा ब्लोअर असल्यामुळे घुंई आवाज नाही, बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, रात्री पोरगी झोपलेली असताना तो ऐकू येतो. एरवी मात्र इतका शांत की चालू आहे का हे लाइट बघून ठरवावं लागतं. माझ्या टॉवरचा पंखा कायमच घरघरतो, पण एकाच सुरात, त्याची सवय होते.

जागेचं म्हणाल तर मिनीला तोड नाही. मॉनिटरच्या मागच्या चार भोकांत बसणाऱ्या पट्टीवर, व्हेसा ब्रॅकेटवर, लटकवला की टेबलावर फक्त कीबोर्ड-माऊस. घ्यायच्या आधी एवढं बघा की मॉनिटरचा स्टँडच त्या चार भोकांत बसत असेल तर मिनीला जागा उरत नाही, मग वेगळी पट्टी आणावी लागते. शिवाय अ‍ॅडॅप्टरची वीट खाली कुठेतरी लोंबकळतेच, फोटोत ती कुणी दाखवत नाही. आणि आमच्या मिनीला दोन डिस्प्लेपोर्ट आहेत, एचडीएमआय नाहीच, म्हणजे मॉनिटरसाठी केबल वेगळी.

वीजबिल कमी येतं असं सगळे सांगतात म्हणून दिराने प्लगला लावायचं मीटर आणून लावलं. नुसतं टॅली उघडं असताना मिनी १० वॅटच्या आसपास, माझा टॉवर ३५ च्या. म्हणजे २५ वॅटचा फरक, दिवसाला १० तास, महिन्याचे २५ दिवस, हिशोब केला तर जेमतेम सव्वासहा युनिट. यासाठी कुणी टॉवर विकून मिनी घेऊ नये, त्यापेक्षा फ्रिजचं रबर बदला. पण हाच फरक लाइट गेल्यावर फार मोठा होतो. दोन्हीला सारखाच ६०० व्हीएचा यूपीएस आहे, आत तीच १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी. माझ्याकडे यूपीएस बोंबलायला लागला की मी फाइल सेव्ह करून बंद करायच्या मागे लागते, आणि नवरा शेजारी बसून शांतपणे रिटर्न भरत असतो. २० तारखेला, जीएसटीआर-३बी या महिन्याच्या रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, याची किंमत कळते.

आता बिघाड. सगळा निवाडा माझ्या मते इथेच होतो, स्पीडबिड नंतर.

ऐन लग्नसराईत माझ्या टॉवरचा एसएमपीएस गेला. फट् झालं, वास आला, बंद. दिराला फोन केला तर तो म्हणाला, "वहिनी, घाबरू नकोस, मागची वायर काढून ठेव, येताना घेऊन येतो." संध्याकाळी स्टेशनजवळच्या दुकानातून साधा एटीएक्स एसएमपीएस आणला, कंपनी वेगळी, पण स्क्रूची भोकं तीच, २४ पिनचा कनेक्टर तोच, रात्री नऊला मी परत पत्रिकेवर बसले. जुना वॉरंटीत होता, तो नंतर सावकाश बदलून मिळाला, आता कपाटात स्पेअर म्हणून पडलाय. बिलं मात्र जपा बरं का, असेंबल्डमध्ये प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी, सर्व्हिस सेंटर वेगळं, एकाचं बिल हरवलं की तो पार्ट अनाथ.

पावसाळ्यात मिनीचा अ‍ॅडॅप्टर गेला. दुकानदाराने त्याच व्होल्टचा, तेवढ्याच वॅटचा, पिन बसणारा अ‍ॅडॅप्टर दिला, मशीन चालू झालं, आणि टॅली उघडायला चहा होईल इतका वेळ! टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर प्रोसेसर ०.८ गिगाहर्ट्झच्या वर जातच नाही. काही ब्रँडच्या मशीनमध्ये अ‍ॅडॅप्टर स्वतःची ओळख एका वेगळ्या पिनवरून सांगतो, ती ओळख पटली नाही तर मशीन चालू होतं पण प्रोसेसरला मुद्दाम सावकाश ठेवतं. सुरक्षेसाठी असेलही, पण ओरिजिनल अ‍ॅडॅप्टर ऑर्डर करून यायला आठवडा गेला आणि तोवर नवरा माझ्या टॉवरवर बसला, मी रात्री. मदरबोर्ड गेला असता तर? त्याच मॉडेलचा बोर्ड शोधा नाहीतर अख्खा डबा बदला, मधला रस्ता नाही. रॅम आणि एसएसडी तेवढे सहज बदलता येतात, तेही रॅम लॅपटॉपवाली, टॉवरची काढून घालता येत नाही.

व्हिडिओ पत्रिकांचं काम वाढल्यावर माझ्या टॉवरमध्ये जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड टाकलं, ७५ वॅटचं, बोर्डाच्या स्लॉटमधूनच चालतं, एसएमपीएसला वेगळी वायर नको. मिनीत हा प्रश्नच संपतो, मोठ्या कार्डाला स्लॉट नाही. पण नवऱ्याला ते कधी लागणार पण नाही, मग न लागणाऱ्या स्लॉटसाठी एवढा मोठा डबा घरात कशाला ठेवायचा, हेही आहेच.

एका बाबतीत मिनीने सरळ बाजी मारली. विंडोज ११ प्रो लायसन्ससकट आलं. असेंबल्ड घेताना दुकानदार "विंडोज टाकून देतो ना" म्हणतो ते कसलं असतं सगळ्यांना माहितीय. ज्या मशीनवर लोकांचे जीएसटीचे पासवर्ड आहेत तिथे असलं काही चालवून घेऊ नये असं माझं ठाम मत आहे, म्हणजे असेंबल्डच्या बजेटमध्ये लायसन्सचे पैसे धरायचेच.

अ‍ॅपलचा मॅक मिनी का नाही, हे दोघा-तिघांनी विचारलं. एम४ चिपवाला छान आहे, ५ इंच बाय ५ इंचात एवढी ताकद कुठेच नाही, २०२४ ला आला तेव्हा ५९,९०० ला. पण आमची श्रीलिपी (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) आणि टॅली विंडोजवर, प्रेसवाल्यांच्या जुन्या फाइली तशाच, आणि रॅम नंतर वाढवता येत नाही, २५६ जीबीचा एसएसडी ५१२ करायला तेव्हा २० हजार जास्त. नुसतं व्हिडिओ करणाऱ्याने जरूर बघावा, माझ्या कामाला नाही.

आज कुणी मला विचारलं तर दुकानाचं काउंटर, क्लास, टॅली, आईबाबांसाठी, या सगळ्याला रिफर्बिश्ड मिनी, पण ओरिजिनल अ‍ॅडॅप्टर पहिल्याच दिवशी एक जास्तीचा घेऊन ठेवा. ग्राफिक्स, व्हिडिओ, आणि मशीन बंद पडलं तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात उभं राहणार असेल तर असेंबल्ड, त्यात दुसरा विचार नाही. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जे चढलेत त्यामुळे मिनी घेताना १६ जीबी आतच असलेला घ्या, ८ चा घेऊन नंतर वाढवू म्हणालात तर महागात पडेल.

रिफर्बिश्ड घेताना इंटेल आठव्या जनरेशनच्या खालचा घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय. दुकानातच चालू करून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची मूळ सेटिंग) जाऊन दाखवायला सांगा. ही मशीन बहुतेक कंपन्यांच्या ऑफिसातून येतात आणि बायोसला जुना पासवर्ड राहिलेला असू शकतो, तो दुकानदाराने समोर काढून दिला तरच पैसे द्या.