तळ्यातलं पाणी जातं कुठे: बादली ठेवायची की पाणी उतरू द्यायचं?

बागेतल्या तळ्यात रोज नळी सोडावी लागते, अशी तक्रार निघाली की सल्ले दोनच मिळतात. एक, तळ्यात पाण्याने भरलेली बादली ठेवून बघा: बादलीतलं पाणी फक्त वाफ होऊन जातं, तळं त्याहून जास्त उतरलं तर गळती. दुसरा, पाणी टाकायचंच बंद करा. उतरता उतरता जिथे थांबेल तिथे भोक. मी हे दोन्ही उद्योग एकाच तळ्यावर, एकाच मे महिन्यात करून बसलोय. त्यामुळे जे सांगतोय ते माझ्या तळ्यापुरतं धरा. तुमचं तळं सिमेंटचं असेल तर गणित थोडं बदलतं, त्यावर पुढे येतोच.

आमचं तळं नाशिकला, घरामागे. 12 बाय 8 फूट, मधोमध दोन फूट खोल. खाली शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, भावाच्या द्राक्षबागेत उरलेला. एका कडेला दगड रचून केलेला कमरेएवढा धबधबा, त्यामागे अळूचा वाफा, आणि पाण्यात कुमुदिनीच्या दोन कुंड्या. गप्पी मासे किती आहेत हे मोजणं केव्हाच सोडून दिलंय.

गळती आहे हेच मुळात उशिरा कळलं, कारण बॉल कॉक, म्हणजे पाणी उतरलं की टाकीतून आपोआप सुरू होणारा तरंगत्या गोळ्याचा नळ. त्याच्या कृपेने तळं कायम काठोकाठ दिसायचं. गच्चीवरची टाकी भर दुपारी कोरडी पडायला लागली, तेव्हा घरात आधी संशय आला तो फ्लशवर. प्लंबर येऊन पैसे घेऊन गेला आणि टाकी तरीही रिकामी होतच राहिली. म्हणून, कुठलीही परीक्षा घ्या, पण आधी बॉल कॉक बंद करा. तो चालू ठेवून काहीच कळत नाही.

मी सुरुवात पाणी उतरू देण्यापासून केली. सगळे अनुभवी लोक तेच सांगत होते आणि युक्तिवादही बिनतोड वाटतो. भोकाच्या वर पाणी असेल तोवर ते जाणार, भोक उघडं पडलं की थांबणार. पंप उघडा पडून जळू नये म्हणून तो बंद ठेवायचा, काठावरच्या दगडावर रोज खडूची रेघ मारायची आणि वाट पाहायची.

वाट पाहिली. रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन ओणवा. पहिल्या दिवशी नखभर खाली. दुसऱ्या दिवशी नखभर. तिसऱ्या दिवशी जरा कमी वाटलं, मनात म्हटलं सापडलं. चौथ्या दिवशी पुन्हा नखभर. पाचव्या दिवशी पाण्याच्या रेषेलगतचा कागद बोटांनी चाचपत सगळा काठ फिरलो. शेवाळ्याने बोटं हिरवी झाली, भोक काही मिळेना. आठव्या दिवशी आठ रेघा होत्या, एकीखाली एक, वहीतल्यासारख्या समान अंतरावर. पाणी थांबायचं नाव घेईना.

माझं मत फिरलं ते इथे. आपल्याकडे मे महिन्यात पाणी थांबतच नाही. देशावरच्या कोरड्या उन्हा-वाऱ्यात उघड्या पाण्यातून दिवसाला 8-10 मिलिमीटर नुसतं वाफ होऊन जातं, आणि नख म्हणजे तरी दुसरं काय. मी आठ दिवस ज्याचा पाठलाग केला ती गळती नव्हतीच, सूर्याचा वाटा होता. ‘थांबेल तिथे भोक’ हे वाक्य ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याचं तळं बहुधा थंड हवेच्या गावात असावं.

वर परतफेड वेगळीच. आठ सेंटीमीटर उतरलेलं तळं पुन्हा भरायचं म्हणजे आमच्या मापाने 700 लिटरच्या वर. नळाचं पाणी क्लोरीनचं, माशांच्या अंगावर थेट सोडायला जीव होईना. पिंपात दिवसभर उघडं ठेवायचं, मग सोडायचं, असं चार दिवस चाललं.

मग बादली. कृती सगळ्यांना माहीत असते, पण मी पहिल्या फेरीत तीही चुकलो. बादली काठावरच्या फरशीवर ठेवली. दुपारी फरशी तापली, बादली तापली, आणि संध्याकाळी बादलीतलं पाणी तळ्यापेक्षा जास्त उतरलेलं! म्हणजे तळ्यात पाणी वाढतंय की काय. बादली पाण्यातच, विटांवर, गळ्यापर्यंत बुडेल अशी हवी, तळाशी एक दगड टाकून. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एका रेषेत. तरच दोघांना ऊन सारखं लागतं.

खुणेसाठी मार्कर वापरला तर ओल्या प्लास्टिकवर तो धरेना. शेवटी बायकोच्या पाकिटातल्या दोन लाल टिकल्या घेतल्या, एक बादलीच्या आत, एक बाहेर, दोन्ही पाण्याला वरून टेकतील अशा. चोवीस तासांनी, त्याच वेळेला, फक्त टिकलीपासून पाणी किती खाली गेलं ते बघायचं. फूटपट्टी लागलीच नाही.

पहिला दिवस पंप बंद. आतली टिकली नखभर वर, बाहेरचीही नखभर वर. म्हणजे तळं ठणठणीत! आठ दिवसांत जे कळलं नाही ते एका दिवसात. दुसरा दिवस पंप चालू. आत नखभर, बाहेर चांगली दोन बोटं. जास्तीचं जे गेलं ते अडीच सेंटीमीटरच्या आसपास. तळ्याचा पृष्ठभाग साधारण नऊ चौरस मीटर, आणि एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. हिशेब 225 लिटरवर गेला. रोज एक पिंपभर पाणी, आणि तेही पंप चालू असतानाच. तळाकडे बघायचं कारणच उरलं नाही; पंप, नळी किंवा धबधबा यांपैकीच कुणीतरी.

हे कळल्यावर धबधब्यामागे जाऊन उभा राहिलो आणि स्वतःवरच हसू आलं. भर मे महिन्यात, सगळी बाग करपलेली असताना, तिथला अळू हत्तीच्या कानांएवढा. महिनाभर घरात दर आठवड्याला अळूवडी होत होती आणि मी ‘यंदा अळू छान आलाय’ म्हणून खात होतो. वरून दुसरा दगड खचला होता, त्याच्याखालच्या कागदाची घडी मागे कललेली, आणि करंगळीएवढी धार घडीतून थेट वाफ्यात.

बादली निर्दोष आहे असं नाही. तिच्यात कुमुदिनी नसते, म्हणून पानांतून उडणारं पाणी ती धरत नाही. तळं कमळाने किंवा जलपर्णीने गच्च असेल तर तेवढा फरक गळतीच्या नावावर चढतो. धबधब्याचे तुषार वाऱ्याने उडतात तेही तिला कळत नाही. दोन-चार मिलिमीटरच्या फरकावर म्हणूनच दगड उपसू नका. आणि बुलबुल. एवढं मोठं तळं सोडून आंघोळीला त्यांना बादलीच का लागते, कोण जाणे. एक दिवसाची परीक्षा त्यापायी फुकट गेली.

सुईशिवायच्या सिरिंजने दूध सोडून बघायचीही एक पद्धत आहे, धार ज्या बाजूला ओढली जाते तिथे छिद्र. पाणी अगदी स्थिर हवं आणि जागा अदमासे माहीत हवी. आमच्याकडे धार कुठे वळते हे दिसायच्या आत गप्पींनी ती विस्कटून टाकली.

पाणी उतरवण्याची बाजू घ्यायची तर माझ्या साडूंचं उदाहरण द्यायला हवं. त्यांचा कोल्हापूरला सिमेंटचा हौद, मासे नाहीत, धबधबा नाही. त्यांनी डिसेंबरात पाणी उतरू दिलं, चौथ्या दिवशी ते पाइपाच्या सांध्याशी येऊन अडकलं आणि गवंड्याने तासाभरात काम संपवलं. थंडीत उन्हाचा वाटा कमी, त्यामुळे ‘थांबलं’ हे डोळ्यांना कळतं. सिमेंटच्या भिंतीला आडवी चीर असेल तर कुठल्या उंचीवर, हे पाणी स्वतः दाखवतं, बादली बापजन्मी दाखवणार नाही. तेव्हा तसा हौद असेल तर मी साडूंशी वाद घालणार नाही. कागदाचं तळं मात्र पावसाळ्यात उतरवू नये असं वाटतं. खालच्या मातीत पाणी चढलेलं असलं की कागद फुग्यासारखा वर येतो.

पण तळं कागदाचं, त्यात मासे, वर पंप आणि बाहेर एप्रिल-मे, असं असेल तर मी आधी दोन टिकल्या मागून घेईन. बादलीने पंप बंद असतानाही तळंच जास्त उतरतंय असं सांगितलं, तर पाणी उतरवायला आहेच की वेळ. तेव्हाही बादली आतच राहू द्यावी, म्हणजे सूर्याचा वाटा रोज वजा करता येतो. मी हे आधी केलं असतं तर आठ रेघा वाचल्या असत्या.

दगड नीट बसवून, कागदाची घडी पुढे ओढून आता दोन आठवडे झाले. टाकी संध्याकाळपर्यंत पुरते. अळू मात्र पिवळा पडायला लागलाय, आणि त्याला वेगळं पाणी कोण घालणार यावरून घरात रोज विचारणा होते.