नुसता पीएनआर बघून बाकीचे पैसे देऊ नका (बँकॉक ग्रुप ट्रिपचा फटका)

मित्रमंडळी मिळून बँकॉकचं ठरवत असाल आणि ओळखीतला कुणी "तुम्ही फक्त बॅगा भरा, बाकी सगळं मी बघतो" म्हणत असेल तर आधी हे वाचा. लांबलचक झालंय, पण वाचा.

आम्ही सहा जण, कॉलेजपासूनचे, सगळे पुण्याचे. प्लॅन साधा होता, चार रात्री फक्त बँकॉक, पट्टाया वगैरे काही नाही, खायचं, बीटीएसने (तिथली स्कायट्रेन) फिरायचं, वीकेंड धरून चतुचक मार्केट करायचं आणि परत. एजंट मैत्रिणीच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीचा. माणशी साडेअठ्ठावीस हजारात मुंबईहून येणं-जाणं, प्रतुनामला हॉटेल, ब्रेकफास्ट आणि सुवर्णभूमी एअरपोर्टवरून पिकअप. आता हा रेट नीट बघा. पंधरा हजार म्हणाला असता तर आम्ही फोनच ठेवला असता, पण आम्ही स्वतः बेरीज केली होती तेव्हा एकतीस-बत्तीस येत होते, म्हणजे फरक एवढाच की ग्रुपचा रेट मिळाला असेल बुवा असं वाटावं. ही माणसं रेट असाच काढतात, विचार करून.

अर्धे पैसे गेले आणि संध्याकाळी पीएनआर आला. एअरलाईनच्या साइटवर टाकून बघितला तर सहाही नावं, पासपोर्टवरच्या स्पेलिंगसकट, टायमिंग बरोबर. ग्रुपवर नाचाचे इमोजी सुरू. फक्त स्टेटस होल्ड दिसत होतं, ते विचारलं तर म्हणे "ग्रुप बुकिंगला असंच दिसतं सर, बॅलन्स टाका, उद्या फेअर वाढतंय". एकाला क्रेडिट कार्डाने द्यायचे होते, त्याला वरती अडीच टक्के चार्ज सांगितला, मग काय, सगळ्यांनी यूपीआयच केलं, तेही फर्मच्या नाही तर त्याच्या बायकोच्या खात्यावर, का तर "करंट अकाउंटचं केवायसी चालू आहे".

गेम काय असतो ते सांगतो. एजंटला एक पैसा न भरता काही वेळ सीट धरून ठेवता येते. पीएनआर तयार होतो, नावं दिसतात, पण ठरलेल्या वेळेत पेमेंट गेलं नाही की सिस्टीम ते बुकिंग आपोआप उडवते. तिकीट खरंच निघालं असेल तर मोठ्या एअरलाईन्सच्या तिकिटावर प्रत्येक माणसाचा वेगळा तेरा आकडी नंबर असतो, पहिले तीन आकडे त्या एअरलाईनचे. स्वस्तातल्या काही एअरलाईन्स असा नंबर देत नाहीत, तिथे त्यांच्याच साइटवर कन्फर्म आणि बाकी रक्कम शून्य दिसली पाहिजे, आणि दोन दिवसांनी परत बघायचं. आम्हाला त्याने नंतर जी पीडीएफ पाठवली तिच्यावर मोठ्या हिरव्या अक्षरात कन्फर्म्ड होतं. तिकीट नंबर कुठेच नाही.

भांडं फुटलं ते जेवणावरून. एक मैत्रीण जैन आहे, ती ॲपवर जेवण टाकायला गेली तर बुकिंगच सापडेना. कॉल सेंटरवाल्या मुलीने शांतपणे सांगितलं की पेमेंट आलं नाही म्हणून हे कधीच कॅन्सल झालंय. मग त्याच रात्री हॉटेलला ईमेल केला, सकाळी अगदी गोड उत्तर आलं, बुकिंग मंगळवारी झालं होतं आणि बुधवारी रद्द झालं. तेव्हा कुठे आम्ही त्याने दिलेलं हॉटेलचं व्हाउचर नीट बघितलं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात पान १/२ असं छापलेलं, आणि आमच्याकडे पान एकच. पैसे हॉटेलवर भरा, अमुक तारखेपर्यंत फुकट कॅन्सल करा, हे सगळं दुसऱ्या पानावर असणार. म्हणजे हॉटेलसाठीही त्याने एक रुपया घातला नव्हता.

वर माणशी दीड हजार व्हिसा प्रोसेसिंग आणि पाचशे अरायव्हल कार्डचे (देशात शिरताना लागणारा फॉर्म) घेतलेले, ते वेगळेच. २०२४ च्या जुलैपासून भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी साठ दिवस विनाव्हिसा राहता येत होतं, आम्ही ठरवलं तेव्हाही तोच नियम. प्रोसेसिंग कसलं करणार होता देव जाणे. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड १ मे २०२५ पासून लागतं खरं, पण ते इमिग्रेशनच्या सरकारी साइटवर फुकट भरतात, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. पैसे मागणाऱ्या साइट्स पण आहेत, त्याही टाळा.

आमच्यातल्या सीए मित्राच्या नंतर लक्षात आलं की परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याला टीसीएस (विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून गोळा करून सरकारला भरायचा टॅक्स) घ्यावाच लागतो, म्हणजे पॅन मागितला पाहिजे. याने पॅन मागितला नाही, बिल दिलं नाही, पण आधारची कॉपी मात्र सगळ्यांची घेतली. थायलंडला जायला आधार कशाला लागतं हो?

फोन करायचो तर आधी सर्व्हर डाऊन, मग वडील ॲडमिट, मग नंबर बंद. आम्ही १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन) फोन लावला आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर प्रत्येकाने आपापली तक्रार टाकली. ट्रान्झॅक्शनचा यूटीआर नंबर आणि बँक स्टेटमेंट हाताशी ठेवा, पहिला प्रश्न तोच असतो. आणि जितक्या लवकर कराल तितकं बरं, कारण खात्यात शिल्लक असेल तेवढीच गोठवता येते. आमचे सहा जणांचे मिळून एक लाख ऐंशी हजारांच्या वर गेले, त्यातले एकवीस हजार सापडले, तेही बँकेत अडकवून ठेवलेत. पोलीस स्टेशनला बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीची, तक्रार घेतली, पण आधी "हा तुमचा व्यवहारातला वाद आहे" हे ऐकावं लागलंच. हॉटेलचा ईमेल प्रिंट काढून समोर ठेवला तेव्हा साहेबांचा सूर बदलला.

परवा बहिणीच्या सोसायटीच्या ग्रुपवर तेच पोस्टर आलं, तोच फॉन्ट, तीच विमानाची चित्रं, नंबर नवा आणि या वेळी हनोई, एकोणतीस हजार नऊशे. तिला सांगून खाली तिकीट नंबर विचारायला लावला तर पाच मिनिटांत पोस्ट डिलीट. स्क्रीनशॉट घेतला होता, तो सायबरवाल्यांना पाठवलाय.