कुवारबावची टू बीएचके: भाड्याने उत्तम, विकत घेण्यापूर्वी मात्र थांबावे

नोकरी किंवा बदलीच्या निमित्ताने रत्नागिरीत येणाऱ्या कुटुंबाला कुवारबाव परिसर सोयीचा पडतो, कारण रेल्वे स्थानक जवळ आहे आणि शहरात जायला रिक्षा सहज मिळते. या भागातील एका चार मजली संकुलात आम्ही भाड्याने राहतो. मालकांनी आता हीच सदनिका ३५ लाखांना देऊ केल्यामुळे भाडेकरू आणि संभाव्य खरेदीदार अशा दोन्ही नात्यांनी हे लिहीत आहे. संकुलाचे नाव मुद्दामच दिलेले नाही.

भाडेकरू म्हणून तक्रारीला फारशी जागा नाही. नोंदणीकृत ११ महिन्यांचा करार, ९,००० रुपये भाडे, हवेशीर खोल्या आणि सरळ वागणारे मालक, एवढे जुळून येणे आजकाल कमी नाही.

घराची खरी परीक्षा मृग लागल्यावर होते. कोकणातला पाऊस सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. तरीही या इमारतीच्या खिडक्यांवरचे छज्जे जेमतेम फूटभर आहेत. नैऋत्येकडच्या बेडरूममध्ये खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून ओल चढते, रंगाचे पोपडे सुटतात आणि त्या भिंतीला लावलेले कपाट सरकवले की मागे बुरशीचा हिरवट-काळा पट्टा दिसतो. गच्चीवर मागाहून पत्र्याची शेड घातल्याने वरच्या मजल्याची गळती थांबली, पण बाहेरच्या भिंतीच्या भेगा तशाच राहिल्या. (सदनिका मे महिन्यात दाखवण्याचा आग्रह का होतो, हे वेगळे सांगायला नको.)

ही भिंत एकट्या मालकाची नसून सगळ्यांची आहे, आणि खरा पेच तिथेच आहे. येथील बऱ्याच सदनिका मुंबईकरांनी घेतलेल्या असून त्या गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात उघडतात. एरवी कुलूप आणि थकलेला मेंटेनन्स. रेरा या घरबांधणी व्यवहारांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यानुसार निम्म्याहून अधिक सदनिकांचे बुकिंग झाल्यावर तीन महिन्यांत सोसायटी स्थापन व्हायला हवी, परंतु येथे ती अद्याप झालेली नाही आणि बिल्डरच्या कार्यालयातून ‘पुढच्या महिन्यात’ एवढेच उत्तर मिळते. परांची बांधून बाहेरून प्लास्टर करायचे ठरले, तर वर्गणी कोणी गोळा करायची? ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष दाखवून दिल्यास बिल्डरने तो विनाशुल्क दुरुस्त करून द्यावा, अशीही तरतूद आहे. मात्र येथे चौथे वर्ष सरत आले, तरी कोणीही लेखी तक्रार केलेली नाही.

आकड्यांचा हिशोब याहून सोपा आहे. सात लाख स्वतःचे घालून २८ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २४,३०० रुपये बसतो आणि पहिल्या वर्षीचे नुसते व्याजच २ लाख ३६ हजारांच्या आसपास जाते; भाडे मात्र वर्षाला १ लाख ८ हजार. मुद्रांक शुल्क आणि ३०,००० रुपये नोंदणी शुल्क वेगळे. पुनर्विक्री असल्याने जीएसटी लागत नाही आणि खरेदी पत्नीच्या नावे केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, पण एवढ्याने पारडे फिरत नाही. हप्त्याचा काही भाग मुद्दलात जातो हे मान्य. तरीही ओल लागलेल्या भिंतीच्या घरासाठी भाड्याच्या पावणेतीनपट हप्ता भरण्याची आमची तयारी नाही.

रत्नागिरीत कायमचे राहायचे नक्की असेल, तर या परिसरात घर जरूर घ्यावे. मात्र ते आषाढात पाहावे, कपाटे सरकवून पाहावे आणि भोगवटा प्रमाणपत्राबरोबर (इमारत राहण्यायोग्य असल्याचा अधिकृत दाखला) सोसायटीच्या नोंदणीचा कागदही मागावा. आमचे मालक किंमत थोडी उतरवायला तयार आहेत, पण बाहेरच्या भिंतीचे काम त्यांच्या एकट्याच्या हातात नाही. त्यामुळे आम्ही तूर्त भाडेकरारच आणखी ११ महिन्यांसाठी वाढवला असून सोसायटी झाल्यास पुन्हा बोलू, असे त्यांना सांगितले आहे.