ब्रॉयलरच्या फिनिशरला सरकी डीओसी : सोललेली असेल तरच

सोयाबीन डीओसी (तेल काढून उरलेली पेंड) महागली की जळगाव-धुळ्याच्या ब्रॉयलरवाल्यांची नजर सरकीकडे जाते. माल घरचाच, जिनिंगच्या हंगामात भरपूर. पण 'सरकी' या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. घाण्याची ढेप टरफलासकट असते. तिच्यात प्रथिने २०-२४ टक्के आणि तंतू जवळपास तेवढेच, म्हणून ती गाई-म्हशींच्या दावणीला ठीक. कोंबडीच्या पोटात हा चोथा नुसता जागा अडवतो. इथे परीक्षण आहे ते फिनिशरसाठी, म्हणजे विक्रीआधीच्या शेवटच्या टप्प्यातील खाद्यासाठी, सरकी सोलून, सॉल्व्हंटने तेल काढलेल्या डीओसीचे. तिच्यात प्रथिने ४०-४२ टक्के असतात. गोणीत काळी टरफले आणि कापसाचे तुसे जास्त दिसले तर माल परत करावा. तुसांमुळे खाद्याचे गठ्ठे होतात आणि हॉपरमध्ये ते अडकून बसते.

खरी गोम गॉसिपॉलची, म्हणजे सरकीतल्या नैसर्गिक विषारी द्रव्याची. ब्रॉयलरच्या तयार खाद्यात मुक्त गॉसिपॉल १०० पीपीएमच्या (दहा लाखांत १०० भाग) आत हवे. ते वाढले की पक्षी खाद्य सोडतात, वजन मागे पडते, यकृताला इजा होते. डीओसीत ते ०.१ टक्का असेल, तर ५ टक्के वापरात खाद्यात ५० पीपीएम येते आणि १० टक्के वापरात थेट मर्यादाच गाठली जाते. म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल मागावा. तो मिळत नसेल तर ५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. १०० किलो खाद्यात ही ५ किलो डीओसी घातली तर २५ ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, पुरतो. त्यातले लोह गॉसिपॉलला बांधून ठेवते. हिराकस ओला, गुठळ्यांचा नको. आधी दोन किलो मक्याच्या भरड्यात घोळवून मगच मिक्सरमध्ये टाकावा.

गॉसिपॉल सांभाळले तरी लायसिनमध्ये, म्हणजे वाढीला लागणाऱ्या प्रथिनांच्या एका घटकात, अनेक जण फसतात. सोयाच्या मानाने सरकीत लायसिन निम्म्याच्या थोडे वर, त्यात तेल काढताना लागलेल्या उष्णतेने गॉसिपॉल लायसिनलाच चिकटते, मग ते पचत नाही. कागदावर प्रथिने जुळतात, काट्यावर पक्षी हलका. ५ किलो सोयाच्या जागी ५ किलो सरकी घेतली की सुमारे ९० ग्रॅम लायसिन एचसीएल आणि ऊर्जेसाठी दीड-दोनशे ग्रॅम तेल वाढवावे. सोया आणि सरकीच्या भावातला फरक हिराकस, लायसिन आणि तेल या तिन्हींचा खर्च वजा करून पाहावा. काही आठवड्यांत फारसे काही उरत नाही.

भेसळ युरियाची होते. चमचाभर डीओसी आणि कच्च्या सोयाबीनचे पीठ कोमट पाण्यात बाटलीत कालवून अर्धा तास बूच लावून ठेवा. अमोनियाचा वास आला तर युरिया आहे. पीठ कच्च्या सोयाबीनचेच हवे, भाजलेल्या सोया डीओसीने ही परीक्षा होत नाही. पावसात भिजलेल्या सरकीच्या मालाला बुरशीची भीती, तेव्हा ओलावा १० टक्क्यांच्या आसपास पाहून घ्यावा.

शेंगदाणा पेंडीची प्रथिने छान, पण अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे बुरशीच्या विषाचा, भरवसा नाही. तीळ पेंडीत मेथिओनिन (लायसिनसारखाच प्रथिनांचा घटक) चांगले, लायसिन तिथेही तोकडेच.

फिनिशरसाठी पाचपैकी साडेतीन. पहिल्या तीन आठवड्यांच्या पिलांना शून्य. नवापूरकडच्या लेयरवाल्यांनीही (अंड्यांच्या कोंबड्या पाळणाऱ्यांनी) हात लावू नये : साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट पडतो, पांढरा गुलाबी होतो, आणि व्यापारी ट्रे परत करतो.