मीटरचे दिवे: साधे बल्ब की एलईडी?

रात्री स्पीडोमीटरचा एक कोपरा अंधारात गेला की मीटर उघडावाच लागतो. मग मनात येतं, एवढं उघडलंच आहे तर सगळे एलईडीच का टाकू नयेत? टाका. फक्त मीटरमधले सगळे दिवे एकाच कामाचे नसतात, हे आधी पाहा. काही आकडे उजळतात, काही इशारा देतात. आकड्यांमागे एलईडी शोभतो. इशाऱ्याच्या दिव्यांना मी शक्यतो हात लावत नाही.

जुन्या मीटरमध्ये बहुधा टी-१० किंवा त्याहून बारीक टी-५ मापाचे, बुडाशी धातूची टोपी नसलेले काचेचे बल्ब असतात. त्यांना जाणाऱ्या विजेतली बरीचशी उष्णताच होते. होल्डरचं प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं दिसतं ते त्यामुळे. एलईडी कमी वीज खातो, कमी तापतो आणि चांगला असेल तर वर्षानुवर्षं टिकतो. खरा फायदा टिकण्याचाच. बल्ब स्वस्त असतो. डॅशबोर्ड खोलण्याची कटकट महाग.

उजेडात मात्र साधा बल्ब अजून मार खात नाही. त्याची तार चहूबाजूंना प्रकाश टाकते. एलईडीची एकच चिप टोकाला असेल तर ४० चा आकडा झगझगतो आणि १२० चाचपडत शोधावा लागतो. म्हणून बाजूंनाही चिपा असलेला किंवा दुधी टोपीचा घ्यावा.

रंगाचं गणित आणखी फसवं. डायलमागे निळा-हिरवा रंग किंवा बल्बवर रबरी टोपी असते. पिवळसर बल्ब निळ्या टोपीतून हिरवट दिसतो. तिथे पांढरा एलईडी घातला की डायल निळा होतो. लाल डायलमागे थंड पांढरा एलईडी घालू नका. त्यात लाल प्रकाश मुळातच कमी, त्यामुळे आकडे मलूल दिसतात. तिथे लाल एलईडीच हवा.

डिमरचं, म्हणजे मीटरचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणाचं काय? बल्ब मंद होत होत नारिंगी होतो, डोळ्यांना सुखाचा. जुन्या, रोध वाढवून काम करणाऱ्या डिमरवर एलईडी बराच वेळ तसाच तेजस्वी राहतो आणि मग एकदम विझतो. काळोख्या रस्त्यावर मैलोन्‌मैल जाणाऱ्याला समोरचा निळसर झगमगाट नकोसा होतो. मी स्वतः या एका कारणासाठी पिवळसर छटेचा एलईडी घेतो.

आता बॅटरीचा लाल दिवा. बऱ्याच जुन्या गाड्यांत त्याच्यातूनच अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला, सुरुवातीचा प्रवाह मिळतो. हौसेच्या भरात मी तिथेही एलईडी बसवला होता. इंजिन सुरू, वाटलं सगळं छान! मल्टिमीटर बॅटरीला लावला तर १२.३ व्होल्ट, म्हणजे चार्जिंग बंदच. जोरात रेस दिली तेव्हा कुठे आकडा १४ वर चढला. दोन-तीन वॅटचा जुना बल्ब परत घातला आणि चार्जिंग पहिल्या सेकंदापासून सुरू झालं.

इंडिकेटरचीही एक खोड आहे. काही गाड्यांत डाव्या-उजव्या दोन्हींसाठी मीटरवर एकच बाण असतो आणि त्यातून प्रवाह कधी इकडून, कधी तिकडून जातो. साधा एलईडी एकाच दिशेने पेटतो, म्हणजे एका बाजूचा इंडिकेटर मीटरवर दिसतच नाही. तिथे दोन्ही दिशांनी चालणारा घ्या, नाहीतर बल्बच ठेवा.

नव्या गाड्यांत हा प्रश्नच वेगळा. तिथे एलईडी आधीच असतात, बोर्डावर डाग दिलेले. रंग बदलायचा तर सोल्डरिंग, आणि बऱ्याचदा काटेही उपटावे लागतात. काटा परत बसवताना जरासा सरकला तरी वेग चुकीचा दिसतो. नुसत्या रंगाच्या हौसेसाठी मी ते करणार नाही.

मीटर बंद करण्यापूर्वी प्लग जोडून एकदा सगळे दिवे लावून पाहा. एखादा एलईडी पेटला नाही तर तो खराबच असेल असं नाही. काढून उलटा फिरवून बसवा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच लागतो.